संस्था चालवणाऱ्याला पैशांचं शिक्षण किती लागतं, आणि मुंबईत ते कुठे घ्यावं?

प्रश्न चेंबूरच्या एका ताईंचा आहे. त्या एमएसडब्ल्यू आहेत आणि गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात बालवाड्या चालवणाऱ्या संस्थेत बरीच वर्षं कार्यक्रम सांभाळतात. लवकरच संचालकपद त्यांच्याकडे येणार आहे. विश्वस्तांनी सुचवलं, ‘पैशांचं जरा शिकून घ्या.’ नवऱ्याचं म्हणणं, संध्याकाळचं एमएफएम, म्हणजे वित्त व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, कर. मैत्रीण परदेशी विद्यापीठाच्या एमपीएची, म्हणजे लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर पदवीची, माहिती पाठवते. आणि संस्थेचे सीए म्हणतात, ‘मॅडम, हिशोबाचं टेन्शन घेऊ नका, आम्ही आहोत ना!’ यातलं कोणाचं ऐकावं?

ताई, सुरुवात सीएंपासून करते, कारण त्यांचं वाक्य सगळ्यात दिलासा देणारं आहे आणि सगळ्यात जास्त घात तेच करतं. मी स्वतः सीए आहे, म्हणून हे मोकळेपणाने बोलते. सीए तुमचं लेखापरीक्षण करतील. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे अनुसूची आठमध्ये ताळेबंद आणि नऊमध्ये उत्पन्न-खर्च बसवून देतील. सप्टेंबरअखेरच्या आत अहवाल होईल, परदेशी निधी असेल तर ३१ डिसेंबरच्या आत एफसी-४, म्हणजे त्या निधीचं वार्षिक विवरण, जाईल. हे काम महत्त्वाचंच आहे. पण ते सगळं होऊन गेलेल्या वर्षाचं असतं. मार्चला संपलेल्या वर्षाच्या फायली जून-जुलैत त्यांच्या टेबलावर येतात. ऑगस्टमध्ये एखादी कंपनी ‘अजून पाच बालवाड्या घ्या, पैसे आम्ही देतो’ म्हणाली, तर हो म्हणायचं की नाही, हे सीए सांगत नाहीत. त्यांना कोणी विचारतही नाही, आणि त्या कामाची त्यांना फीही मिळत नाही. तो निर्णय तुमचा असतो, आणि शिक्षण घ्यायचं ते त्या निर्णयासाठी. व्हाउचर कसं लावायचं, टॅलीत नोंद कशी करायची, हे तुमचा अकाउंटंट बघेल.

माझ्या मते संस्थेच्या प्रमुखाला तीन गोष्टी स्वतःला वाचता आल्या पाहिजेत: हातातले पैसे कोणाचे आहेत, कामाला खरा खर्च किती येतो, आणि पैसा कधी येऊन कधी जातो. बाकीचं विचारून चालतं.

पहिलीपासून घेऊ. समजा तुमच्या संस्थेचा वर्षाचा खर्च १ कोटी २० लाख आहे, म्हणजे महिन्याला १० लाख. ३१ मार्चला बँकेत ४२ लाख शिल्लक आहेत. विश्वस्तांच्या बैठकीत हा आकडा वाचला की सगळे खुशीत. चार महिन्यांची सोय आहे, यंदा पगारवाढ देऊन टाकू, ऑफिसला एसी बसवू. आता अनुसूची आठची डावी बाजू उघडा. तिथे विश्वस्त निधी म्हणजे कॉर्पस, त्याखाली इतर राखून ठेवलेले निधी, मग देणी आणि शेवटी उत्पन्न-खर्च खात्याची शिल्लक दिसेल. त्या ४२ लाखांपैकी ३५ लाख तीन देणगीदारांनी ठरावीक कामासाठी दिलेले आणि अजून खर्च न झालेले निघाले, तर तुमचे म्हणावेत असे फक्त ७ लाख. महिन्याला १० लाखांच्या हिशोबाने ते २१ दिवसांत संपतात. सोसायटीचा सिंकिंग फंड वॉचमनच्या पगारात घालता येत नाही, हे मुंबईत कमिटीवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण तीच माणसं ट्रस्टच्या बैठकीला आली की एफडीची बेरीज करून मोकळी होतात.

हा गोंधळ लहान संस्थांपुरता नाही. आपल्या महापालिकेकडे बघा. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमाराला मुदत ठेवींवरून वाद पेटतो. गेली काही वर्षं या ठेवी ८० हजार कोटींच्या आसपास किंवा त्याहून वर आहेत, आणि ‘एवढा पैसा पडून आहे तर रस्ते का होत नाहीत’ हा प्रश्न ठरलेला. त्यातला काही भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा आणि निवृत्तिवेतनाचा, काही कंत्राटदारांच्या अनामत रकमांचा, आणि उरलेल्यातला मोठा हिस्सा हाती घेतलेल्या प्रकल्पांना बांधलेला. प्रश्न विचारणाऱ्यांचं सगळंच चूक असतं असं नाही, तो पैसा बांधताना प्राधान्य कशाला दिलं यावर भांडायला भरपूर जागा आहे. पण भांडण ‘किती मोकळा आहे’ या आकड्यावर व्हायला हवं, ‘किती आहे’ यावर नाही. सार्वजनिक संस्थांच्या वित्त व्यवस्थापनाच्या चांगल्या वर्गात पालिकेचा अधिकारी आणि संस्थेची संचालिका एकाच बाकावर बसलेले असतात ते याचसाठी. शून्यं वेगळी, प्रश्न तोच.

दुसरी गोष्ट खऱ्या खर्चाची. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मुंबईतल्या संस्था बुडतात त्या बहुतेक इथेच.

वरच्याच संस्थेचे तीन प्रकल्प धरा. बालवाड्यांवर थेट खर्च ६० लाख, किशोरींच्या आरोग्यावर ३० लाख, कौशल्य प्रशिक्षणावर १० लाख. झाले १ कोटी. याशिवाय ऑफिसचं भाडं, अकाउंटंट, ऑडिट फी, संचालकाचा पगार, इंटरनेट, भरती, प्रशिक्षण हे सगळ्यांचं मिळून २० लाख. हे २० लाख कोणत्याच एका प्रकल्पाचे नाहीत, पण त्यांच्याशिवाय एकही प्रकल्प चालत नाही. थेट खर्चाच्या प्रमाणात वाटले, तर बालवाड्यांचा खरा खर्च ७२ लाख होतो, किशोरींचा ३६ आणि कौशल्याचा १२. वाटणी माणसांच्या संख्येवर करा, जागेच्या चौरस फुटांवर करा, काहीही चालेल. पद्धत एकदा ठरवली की लिहून ठेवा आणि दरवर्षी तीच ठेवा.

आता येणारे पैसे. बालवाड्यांना पैसे देणारी कंपनी थेट खर्च आणि त्यावर ५ टक्के देते, म्हणजे ६३ लाख. किशोरींसाठीचा देणगीदार १० टक्के देतो, ३३ लाख. कौशल्याचं सरकारी काम फक्त १० लाखांचं. एकूण १ कोटी ६ लाख, म्हणजे १४ लाख कमी. वैयक्तिक देणग्या आणि वर्षाचा एखादा कार्यक्रम मिळून ११ लाख येतात. तीन लाखांची तूट राहते आणि ती त्या ७ लाखांच्या मोकळ्या निधीतून भागवली जाते. अडीच वर्षांच्या आत तो निधी संपतो. या सगळ्या काळात तिन्ही देणगीदारांचे अहवाल नीटनेटके, युटिलायझेशन सर्टिफिकेट वेळेवर, ऑडिटमध्ये एक शेरा नाही.

मग कंपनी म्हणते, काम छान आहे, अजून पाच बालवाड्या घ्या. तुमच्या वीस बालवाड्यांत ५०० मुलं आहेत, दर मुलामागे १२ हजार असा दर तुम्हीच अहवालात छापला आहे. नव्या १२५ मुलांचे १५ लाख, वर ५ टक्के. एक पर्यवेक्षिका दहा बालवाड्या बघते, म्हणून सध्या दोघी आहेत. पंचवीस बालवाड्यांना तिसरी लागते, अडीच पर्यवेक्षिका नेमता येत नाहीत. तिचा वर्षाचा पगार ३ लाख ६० हजार. जुन्या सरासरीचा दर लावल्यामुळे त्यातला निम्माच नव्या रकमेत बसतो, उरलेले १ लाख ८० हजार कोणाच्याच बजेटात नाहीत. वरच्या ५ टक्क्यांचे ७५ हजार त्यात घातले तरी लाखाहून अधिक तूट वाढली. म्हणजे काम वाढलं आणि संस्था अशक्त झाली. हा हिशोब करायला एमबीए लागत नाही, एक कागद पुरतो. पण कंपनीच्या माणसासमोर बसून तो मांडायची, ‘आमचा खरा दर १४ हजार ४०० आहे’ असं न अडखळता सांगायची तयारी मात्र शिकावी लागते.

त्या ५ टक्क्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. ‘सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) कायद्यात ओव्हरहेड, म्हणजे सामाईक खर्च, पाच टक्केच देता येतात’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खालच्या नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे खरी. पण ती कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यावर केलेल्या प्रशासकीय खर्चाची आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. ती मर्यादा संस्थेच्या गळ्यात अडकवली जाते ती कधी गैरसमजातून, कधी घासाघीस करायला सोयीची म्हणून. नियमाची व्याख्या छापून पर्समध्ये ठेवा आणि वाद न घालता समोर ठेवा. आमच्या ओळखीच्या एका संस्थेने तेवढंच केलं आणि कंपनीच्या वित्त विभागाने १२ टक्के मान्य केले. दुसरीकडे एका बड्या कंपनीने व्याख्या वाचूनही ‘आमची पॉलिसी आहे’ एवढंच उत्तर दिलं. पॉलिसी असेल तर असू दे, पण ते कायद्याचं बंधन नाही हे कळल्यावर घासाघीस कुठे करायची ते कळतं. परदेशी निधीचं गणित मात्र वेगळं. तिथे प्रशासकीय खर्चाची मर्यादा तुमच्या संस्थेवरच आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीने ती ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. शिवाय तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. एकच पगार कंपनीच्या अहवालात एका रकान्यात आणि परदेशी निधीच्या विवरणात दुसऱ्याच रकान्यात बसू शकतो. हे अकाउंटंटला माहीत असायलाच हवं, पण का ते तुम्हालाही कळलं पाहिजे.

तिसरी गोष्ट, पैशांची वेळ. हिच्यावर फार शब्द खर्च करत नाही, तुम्ही ती भोगलेली आहे. करारावर सही जूनमध्ये, पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये, आणि बालवाडीताईंचे पगार दर महिन्याच्या पाच तारखेला. सरकारी कामात तर आधी खर्च करा, मग बिल लावा. पुढच्या बारा महिन्यांचा एक तक्ता करा. वर महिने, खाली खात्रीची येणी, संभाव्य येणी, टाळता न येणारी देणी. खात्रीच्या आणि संभाव्य येण्यांची बेरीज एकत्र करू नका. दर महिन्याला तासभर त्या तक्त्यावर बसलात, तर निम्मे अभ्यासक्रम जे शिकवतात ते तुम्हाला येऊ लागेल.

इथे एक भीती मध्ये येते: ‘आपण धर्मादाय आहोत, आपल्याला शिल्लक ठेवता येत नाही.’ हे खरं नाही. आयकर कायद्याप्रमाणे नोंदणीकृत संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्चायची असते, १५ टक्के विनाअट बाजूला ठेवता येतात. त्याहून जास्त साठवायचं असेल, तर कारण आणि मुदत सांगून ठरावीक फॉर्म भरायचा, मुदत जास्तीत जास्त ५ वर्षं. १ कोटी १७ लाख उत्पन्नाच्या संस्थेला साडेसतरा लाख रुपये कायदाच ठेवू देतो. अडचण वेगळीच आहे. बांधलेल्या पैशातून बचत करता येत नाही, म्हणून ही शिल्लक मोकळ्या देणग्यांतून किंवा खऱ्या दरातूनच यावी लागते. म्हणजे गाडी पुन्हा खऱ्या खर्चावर येते. अभ्यासक्रम निवडताना एक बघा: १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा आला, तत्त्वं बरीचशी तीच राहिली, पण कलमांचे क्रमांक बदलले. जुन्याच स्लाइड दाखवणारे प्राध्यापक भेटले तर समजून जा.

आता अभ्यासक्रमांकडे. एमएफएम आधी. मुंबई विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम वर्षानुवर्षं संध्याकाळच्या वर्गांतून चालत आला आहे आणि बँका, कंपन्यांतल्या कितीतरी लोकांनी त्यावर बढत्या मिळवल्या आहेत. चर्चगेटला जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेत शिकलेल्याचा दबदबा मीही मान्य करते. पण त्यातला मोठा भाग भांडवलाचा खर्च, शेअरचं मूल्यांकन, डेरिव्हेटिव्ह, कंपन्यांचं विलीनीकरण यांचा. तिथे सगळी गणितं भागधारकाच्या परताव्यापाशी येऊन थांबतात. तुमच्या संस्थेला भागधारक नाहीत. तीन वर्षं रोज संध्याकाळी लोकल धरून जायचं आणि त्यातला चौथा हिस्सा कामाला यायचा, हा सौदा मला तुमच्यासाठी पटत नाही. उद्या तुम्हाला एखाद्या कंपनीच्या सीएसआर विभागात जायचं असेल, तर गोष्ट वेगळी.

अंधेरीच्या एसपीजेआयएमआर या व्यवस्थापन संस्थेचा विकास व्यवस्थापनाचा पदव्युत्तर कार्यक्रम, पीजीपीडीएम, हा नोकरी करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने चालतो. थोडे दिवस वर्ग, मग आपल्या कामावर परत, पुन्हा वर्ग. तुमच्या वयाला आणि जबाबदारीला हा साचा सगळ्यात जवळचा. वित्त हा त्यातला एक भाग आहे, सगळा अभ्यासक्रम त्याचा नाही, हे लक्षात ठेवून जा. देवनारचं टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, तुमच्या घराजवळ आहे आणि १९३६ पासूनची त्याची परंपरा आहे. पण तिथलं सामाजिक उद्योजकतेचं एमए दोन वर्षं पूर्ण वेळ मागतं. संचालकपद घेतल्या घेतल्या ते शक्य नाही. कालिन्याच्या मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसीमध्ये सार्वजनिक वित्ताचा सिद्धांत उत्तम शिकाल: कर, तूट, केंद्र-राज्य वाटणी. त्याने धोरण कळेल, महिन्याचा रोख तक्ता जमेलच असं नाही.

तुमच्याबरोबर पालिकेतले किंवा जिल्हा परिषदेतले कोणी शिकायच्या विचारात असतील, तर त्यांना अंधेरीच्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेकडे पाठवा. १९२६ पासून ही संस्था नगरपालिकांची माणसं घडवते आहे. राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांसाठी पुण्याची यशदा ही प्रशिक्षण संस्था आहेच. त्यांचे प्रश्न थोडे निराळे. सरकारी हिशोब अजून बहुतांशी रोखीवर चालतात: पैसे आले-गेले की नोंद. नगरपालिकांना २००४ च्या राष्ट्रीय लेखा नियमावलीने उपार्जित पद्धतीकडे ढकललं, म्हणजे कराचं बिल काढलं की येणं दिसतं, वसूल झालं नसलं तरी. यामुळे थकबाकी कागदावर उघडी पडते आणि काही जणांची गैरसोय होते. शिवाय मार्चअखेरची धावपळ. निधी परत जाऊ नये म्हणून शेवटच्या आठवड्यात निघणारी बिलं तुम्ही बाहेरून पाहिली आहेत, ते आतून भोगतात.

मी शिकवते त्या वर्गात पालिकेच्या अधिकाऱ्यांना एक प्रश्न नेहमी घालते. २०२५-२६ चा मुंबई पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा, त्यात भांडवली खर्च ४३ हजार कोटींच्या वर, निम्म्याहून अधिक. पूल, बोगदे, प्रक्रिया केंद्रं उभी राहतील. ती चालवायचा, दुरुस्त करायचा महसुली खर्च दहा वर्षांनी किती असेल आणि तो कुठून येईल? जकात १ जुलै २०१७ ला गेली, तिच्या जागी राज्याकडून भरपाई येते, म्हणजे स्वतःच्या हातातला मोठा नळ दुसऱ्याच्या हाती गेला. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ मध्ये माफ झाला. निर्णय लोकप्रिय होता आणि मला त्याविरुद्ध बोलायचं नाही, पण सोडून दिलेला महसूल हाही खर्चच असतो आणि अंदाजपत्रकाच्या कोणत्याच पानावर तो खर्च म्हणून दिसत नाही. वर्गात या प्रश्नावर सगळ्यात चांगली चर्चा लेखा विभागाचे लोक करत नाहीत, अभियंते करतात. पंप किती वर्षांत झिजतो ते त्यांना माहीत असतं.

धर्मादाय रुग्णालयातलं कोणी असेल तर अजून एक थर. तिथे एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते, आणि १० टक्के खाटा निर्धन, १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. तो निधी वेगळा दाखवायचा, वेगळा खर्चायचा आणि धर्मादाय आयुक्तांना हिशोब द्यायचा. वरच्या ‘पैसे कोणाचे’ या प्रश्नाचं हे आपल्या राज्यातलं सगळ्यात धारदार उदाहरण आहे. कोणत्याही मुंबईच्या अभ्यासक्रमात ते नसेल तर मला आश्चर्य वाटेल आणि थोडा रागही येईल.

राहिली मैत्रिणीची सूचना. अमेरिकेतल्या एमपीए अभ्यासक्रमांत, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वॅग्नर स्कूलसारख्या ठिकाणी, सार्वजनिक आणि ना-नफा संस्थांचं वित्त व्यवस्थापन हा मूळ विषय म्हणूनच शिकवला जातो, कोपऱ्यातला पेपर म्हणून नाही. याबाबतीत ते आपल्या पुष्कळ पुढे आहेत. देणगीदाराने अट घातलेला आणि न घातलेला निधी वेगळा मांडणं, खर्चाची वाटणी, अंदाज आणि प्रत्यक्षातली तफावत, मोठ्या खरेदीचा निर्णय, रोखे काढून कर्ज उभारणं, हे तिथे घोटून घेतात आणि ते इथेही जसंच्या तसं लागू पडतं. रोख्यांचं म्हणाल तर पुणे पालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे काढले, विषय दूरचा नाही. पण तिथली करविवरणं, लेखा मानकं, राज्याराज्यांचे कायदे यांवर जाणारा वेळ तुमच्या उपयोगाचा नाही. आणि आपल्याकडचे धर्मादाय आयुक्त, परदेशी निधीचा कायदा आणि सीएसआर तिथे कोणी शिकवणार नाही. पूर्ण शिष्यवृत्ती असेल तर जरूर जा. कर्ज काढून, संस्थेच्या पगारावर ते फेडायच्या हिशोबाने मात्र नको. तो हिशोब कसा करायचा ते वर सांगितलंच आहे.

जाता जाता, हल्ली प्रत्येक माहितीपत्रकात सोशल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारता यावा म्हणून शेअर बाजारात काढलेला विभाग, असतं. डिसेंबर २०२३ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर बंगळुरूच्या उन्नती फाउंडेशनने पहिल्यांदा असे रोखे काढले, ज्यांवर व्याजही नाही आणि मुद्दलही परत नाही. विषय रंजक आहे, बीकेसीत त्यावर परिसंवादही होतात. पण त्यावर दोन दिवस आणि खर्चाच्या वाटणीवर दोन तास देणारा अभ्यासक्रम दिसला तर दुसरीकडे वळा.

प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाच्या समन्वयकांना फोन करा आणि विचारा: माझ्या संस्थेचे गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद वर्गात वापरता येतील का? प्रकल्प-अहवाल त्याच आकड्यांवर करता येईल का? शिकवणाऱ्यांपैकी कोणी प्रत्यक्ष ट्रस्टचे किंवा पालिकेचे हिशोब सांभाळले आहेत का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आलं की फीचं बोला. आकडे बाहेर नेण्याआधी विश्वस्तांचा ठराव घ्या, देणगीदारांची नावं झाका.

फी संस्थेनेच भरावी असं मी सुचवेन, निदान निम्मी. विश्वस्तांनीच शिकायला सांगितलं आहे ना? ती रक्कम सामाईक खर्चात ‘कर्मचारी प्रशिक्षण’ म्हणून पुढच्या अंदाजपत्रकात आधीच घाला आणि त्या २० लाखांबरोबर प्रकल्पांत वाटा. कोणत्याही एका ग्रँटमध्ये ती लपवू नका, ऑडिटमध्ये निघाली की उत्तर द्यायला तुम्हीच असाल. बदल्यात संस्थेने दोन वर्षं थांबायची अट घातली तर मान्य करा, पण लेखी घ्या.

आणि वेळापत्रक मागवून बघा. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा सप्टेंबरमध्ये सलग वर्ग असतील, तर ते वर्ष सोडून द्या. मार्चमध्ये हप्ते आणि बिलं, सप्टेंबरमध्ये ऑडिट. या दोन्ही वेळा संचालक अंधेरीला वर्गात बसलेली चालणार नाही. सीएंनाही आत्ताच सांगून ठेवा की यंदा ताळेबंदाचा कच्चा मसुदा सहीच्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी हवा, आणि त्यावर तुमच्याबरोबर एक तास बसायचं आहे. त्या तासाची वेगळी फी मागितली तर द्या.